गुरवांचा दुसरा कौल

आमच्या पेडण्यातले गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावून कौल घेत. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार मिळालेला कुणी पुन्हा लावा म्हणाला, की मान वर न करता म्हणत, "देवाक एकदाच इचारूचा."

मग त्यांनाच हार्ट अटॅक आला. इकोत दिसलं, हृदयाचा एक भाग हलत नाही, बहुधा मेला. थॅलियम स्कॅनमध्ये दिसलं, तिथं थोडं रक्त पोचतंय, तो भाग अजून जिवंत आहे, ऑपरेशन केल्यास वाचेल. ऑपरेशन करू का, म्हणून त्यांनी स्वतःसाठी कौल लावला. डावी पडली.

मी बाजूलाच उभा होतो. त्यांनी तीच पाकळी उचलली, पाण्यात बुडवली आणि परत चिकटवली. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"डाक्टरांनी दोनदा बघल्यानी," ते म्हणाले, "देवानय दोनदा बघूंदे."