पटल्याशिवाय पेन नाही

जयसिंगराव अण्णांचं शब्दकोडं मी भरून टाकलं. निळ्या बॉलपेनने, ठळक अक्षरांत, एकही चौकोन मोकळा न सोडता. इतकं नीटनेटकं काम मी ऑफिसातसुद्धा कधी केलेलं नाही.

हेतू चांगला होता. माझे बहुतेक घोटाळे चांगल्या हेतूनेच होतात. राजाजीनगरात अण्णांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. त्यांचा इंग्रजी पेपर वाचून झाला की दुपारी वर माझ्याकडे येतो. अशी रीतच पडली आहे. पूर्वी त्यातलं कोडं भरलेलं असायचं. हे साधं शब्दकोडं नव्हे. यातला क्लू सरळ काही विचारतच नाही. अर्ध्यात अर्थ सांगतो, अर्ध्यात शब्द जुळवायची कृती सांगतो, आणि दोन्ही सांगितल्याचं कबूल करत नाही. अण्णांची बायको, अंबुबाई अक्का, उन्हाळ्यात गेल्या आणि चौकोन रिकामे येऊ लागले. मला वाटलं, दुःखाने म्हाताऱ्याची बुद्धी अडली. तेव्हा एका सकाळी फाटकातला पेपर मीच आधी उचलला. ही कोडी फोडून समजावणारी मंडळी इंटरनेटवर असतात, त्यांची उत्तरं उतरवून काढली आणि पेपर अण्णांच्या दारात ठेवला.

अण्णांनी उघडून पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणाले, घडी घातली आणि पेपर फडताळात डब्यांखाली अंथरून टाकला. समोरच्या कॉफीवर साय धरली होती. ती तशीच प्यायले.

रविवारी त्यांची लेक भव्या मारतहळ्ळीहून आली. डबे पुसताना तिला तो पेपर दिसला.

"हे कुणी भरलं?"

"मी. मदत म्हणून."

"अहो, अप्पांना मदत? कॉफी गाळून होईपर्यंत त्यांचं सगळं कोडं सुटलेलं असतं. डोक्यात."

"मग लिहीत का नाहीत?"

भव्याने फडकं बाजूला ठेवलं. "अम्माला इंग्रजी येत नव्हतं. अप्पा प्रत्येक क्लूची युक्ती घेऊन तसंच मराठी कोडं तिला रचून घालायचे. ती अवरेकाळू सोलत ऐकायची आणि वाद घालायची. तिला पटल्याशिवाय इंग्रजी उत्तर चौकोनात जायचं नाही. लग्न झाल्यापासूनचा नियम. एकदा अप्पा म्हणाले, 'नदी उलटी फिरली, माणूस गरीब झाला. दोन अक्षरं.' उत्तर 'दीन'. नदी उलटी वाचायची. तर अम्मा म्हणते, 'नदी उलटली तर माणूस बुडेल. गरीब कशाला होईल?' दुपारपर्यंत भांडत होते. शेवटी अप्पांनी पुरात कुणाचं तरी शेत वाहून नेलं, तेव्हा कुठे तिला पटलं."

ती हसली. मग हसणं मध्येच थांबलं.

"आता सुटतं सगळं, पण पटवायचं कुणाला? परवा म्हणत होते, पेपर बंदच करू या. ते बंद झालं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे मला काही सांगता येणार नाही त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच खाली गेलो आणि अण्णांच्या समोरच्या वेताच्या खुर्चीत बसलो. ती अक्कांची.

"अण्णा, मला समजावून सांगा की."

"तुला इंग्रजी येतं."

"इंग्रजी येतं हो. कोडं येत नाही."

त्यांनी समजावलं. गॅसवाल्याला सिलिंडरचा नंबर सांगावा, तशा आवाजात. मी लगेच म्हणालो, "पटलं!" पुढचा क्लू. "वा, पटलं!" त्याच्या पुढचाही पटला. पेन अण्णांच्या खिशातून बाहेर आलं नाही. आयटीत मी मान डोलावूनच पोट भरतो. न समजता पटणं हा माझा धंदाच. अण्णांनी ते ओळखलं असावं. किंवा ओळखायचेही कष्ट घेतले नसावेत. पुढचे काही दिवस असेच गेले. मला सगळं पटत होतं आणि चौकोन रिकामे राहत होते.

मग एकदा भव्या पिशवीभर अवरेकाळू ठेवून गेली, म्हणजे आपले पावटे. मी सोलायला घेतले. शेंगा काही केल्या उकलेनात, नखं चिकट झाली, आणि तेवढ्यात अण्णांनी त्या दिवशीच्या क्लूची युक्ती मराठीत मांडली.

"जेवायला बसायचं, पण कपाटात शोधायचं. दोन अक्षरं. पाट."

"हॅ! हे नाही पटत," माझ्या तोंडून निघून गेलं. "पाट कपाटात कोण ठेवतो? आमच्याकडे भिंतीला टेकवून ठेवायचे."

अण्णांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या घरचं कपाट नव्हे. शब्द बघ. कपाट. त्यातला क झाक."

मी एक पावटा हवेत धरून क झाकला. "पाट. बरं. मग तो क काय उगाच?"

"लपायला काहीतरी नको?"

"पण लपलाय कुठे? धडधडीत समोर तर आहे!"

"मग तुला का दिसला नाही?"

मी पावटा पातेल्यात टाकला. "पटलं," मी म्हणालो. या खेपेला खरंच पटलं होतं.

अण्णांनी पेन काढलं. शाई वाळली होती. पेपरच्या कडेला रेघोट्या ओढत राहिले, ओढत राहिले, तेव्हा कुठे ती उतरली. मग एका चौकोनात एक, अशी सावकाश इंग्रजी अक्षरं लिहिली. एकच उत्तर. चेहरा होता तसाच होता. बाकीचं कोडं रिकामं.

मला राहवलं नाही. "अण्णा, अक्कांनाही पटवायला एवढा वेळ लागायचा का हो?"

पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "जास्त. ती हुशार होती."