बाहेरून कुलूप

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. सांडेल!

तीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांना तोंडावर खोटं पाडलं. दोघांकडून खात्री केल्याशिवाय एक ओळ छापली नाही. आणि माझ्याच घरची बातमी? साफ चुकली!

लालबागच्या आमच्या चाळीत लहानपणी दिवसा दाराला कुलूप नसायचं. आई कामावर गेली की मी कुणाच्याही घरात शिरून जेवायचो, तिथेच झोपायचो. कुणीतरी असणारच, ही खात्री! मग गिरण्या बंद पडल्या. शेजारी एकेक करून विरार-डोंबिवलीला गेले. आईही गेली. मी एक जाडजूड पितळी कुलूप आणलं. माणसं येतात ती जायलाच, असं धरून एकट्याने वर्षं काढली.

अशा माणसाने साठीला टेकल्यावर लग्न केलं. सुलभाशी. धाडस तिचं!

लग्नाला महिनाही झाला नसेल. सकाळी दूध घेऊन परत आलो, तर दाराला कुलूप! फोन लावला, तो आत वाजतोय. म्हणजे फोनही टाकून गेली!

"गेली! मला ठाऊकच होतं!" मी गॅलरीत ओरडलो.

शेजारच्या सावंतकाकू लाटण्यासकट बाहेर आल्या. "कोण गेली रे?"

"सुलभा! सोडून गेली मला!"

"अरे, काल तर हसत होतात दोघं!"

"तेच तर! मला संशय येऊ नये म्हणून!"

दादरच्या मेहुण्याला फोन लावून झाडलं, "तुमच्यात सांगून जायची पद्धत नाही का रे?" अख्खा मजला गोळा झाला. मी आणखी आवाज चढवला.

काकूंनी लाटणं उगारलं. "गप रे मेल्या! आतून कोणतरी दार ठोकतंय."

"अहो, आंघोळीला गेले होते मी!" आतून सुलभा. "कुलूप कुणी घातलं?"

कुणी घातलं? खिशात हात घातला. किल्ली! बाहेर पडताना आत कुणी असू शकतं, हे माझ्या हातांना ठाऊकच नव्हतं हो!

दार उघडलं. ओले केस पुसत ती म्हणाली, "मी कुठे जात नाही. ते कुलूप तेवढं जाऊ दे."

गेलं. आता दार उघडंच असतं, आईच्या वेळेसारखं. भरवसा तर इतका वाढला, की परवा आम्ही दोघंही बाहेर गेलो आणि मी दार सताड उघडं टाकलं! परत येतो तर एक बोका दूध संपवून माझ्या खुर्चीत घोरतोय.

सगळे सोडून जातात म्हणून जन्मभर रडलो. आता हाकलतोय, तर हा जात नाही!