फोटोतलं हसू

संपत्ती मुलांसाठी न ठेवता जवळजवळ सगळी दान करणार, असं जाहीर केलेल्या एका उद्योगपतीचा फोटो सकाळी पेपरात पाहिला. काय मोकळं हसत होता! पैशांचं सोडा, त्या हसण्यावरच मी जळले. मग मनाशी म्हटलं, इतकं देऊनही ढीगभर उरणार, मग कोणीही हसेल.

दुपारी बोहारीण आली. स्टीलच्या डब्यासाठी तिला आणखी एक साडी हवी होती. सहा वर्षांत न नेसलेली एक मी आणली आणि तिच्या हातात देता देता मागे ओढली.

“काठ चांगलाय गं हिचा.”

“असू द्या, ताई. ठेवा तुम्हाला,” म्हणत तिने डबा माझ्यापुढे सरकवला आणि हसली. अगदी त्या फोटोतल्यासारखी.

हिच्याकडे काय उरणार होतं?