उज्वलाचे एकवीस हमाल

राजा सिंहासनावर बसतो आणि टाळ्या पडतात. ते सिंहासन अंधारात उचलून नेमक्या खुणेवर ठेवणारे दोघे तेव्हा विंगेत घाम पुसत उभे असतात. त्यांची नावं जाहिरातीत छापत नाहीत. एखाद्या प्रयोगाला सिंहासन हातभर डावीकडे पडलं आणि राजा जमिनीवर आपटला, की मात्र सगळं थिएटर त्यांचीच नावं विचारतं.

लातूरच्या उज्वलाचं आयुष्य असंच विंगेत गेलं. माहेर कंधारकडचं. शाळेच्या गॅदरिंगला तिनं चार वर्षं आडोशाला उभं राहून दुसऱ्यांना संवाद पुरवले, स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही. नांदेडला टायपिंग शिकली, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला, मग लग्न होऊन लातूरला आली आणि माती तपासून देणाऱ्या एका खासगी संस्थेत लागली. संस्थेचं मुख्य ऑफिस नांदेडला, तिथं आनंदराज सर. लातूरला उज्वला. आणि तालुक्याला दोन केंद्रं, एक उदगीरला, एक निलंग्याला. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचा, केंद्रात ती तपासली जायची, आणि कोणतं खत किती टाकायचं याचा अहवाल कॉम्प्युटरवर तयार व्हायचा.

गोची एवढीच होती की उदगीरला विंडोज होतं आणि निलंग्याला नव्हतं. निलंग्याचा लॅपटॉप इतका जुना, की त्यावर विंडोज धापा टाकायचं. म्हणून तिथल्या मलप्पानं आनंदराज सरांच्या मागे लागून त्यावर लिनक्स टाकून घेतलं. आता या दोघांची तऱ्हा निराळी. फाइल कुठं ठेवली हे सांगताना एकाची तिरकी रेघ डावीकडं झुकते, दुसऱ्याची उजवीकडं. एक सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह म्हणतो, दुसऱ्याच्या घरात असल्या खोल्याच नाहीत. एकाला दिलेला हुकूम दुसऱ्याला दिला, की तो ढिम्म.

उज्वलानं सहा महिने खपून यावर एकवीस छोटी फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे सुटे तुकडे, लिहिली. एकेकाचं काम एवढंसं. फोल्डर आहे का बघ. नसेल तर तयार कर. फाइल उचल, तिकडं ठेव. नाव बदल. एका फोल्डरातलं सगळं दुसऱ्यात हलव. पायाखाली विंडोज आहे की लिनक्स, हे त्यांचं त्यांनी ओळखायचं आणि समोर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. हे सगळं एका फाइलीत बांधून तिनं त्या फाइलीला नाव दिलं, 'हमाल'. ऑपरेटरनं चौकटीत फक्त गाव आणि गट नंबर टाकायचा. त्या शेताचं फोल्डर तयार करणं, त्यात अहवाल नि पावती नीट ठेवणं, हे ओझं हमालांचं.

"काम बरं केलंत," आनंदराज सर म्हणाले होते, "पण पाहुण्यांना दाखवताना हे नाव झाका."

दिवाळी उरकली. हरभऱ्याच्या पेरण्या तोंडावर आल्या. आणि एका सोमवारी सकाळी निलंग्याहून मलप्पाचा फोन आला.

"ताई, अहवाल गेले."

"कुठं गेले?"

"तेच तर तुमाला विचारून राहिलो. शुक्रवारी दोनशे अकरा मोजून घरी गेलो. आता एकशे चौदा हायत."

"कुणी हात लावला होता का?"

"कोण लावणार? दोन दिस केंद्राला कुलूप. किल्ली माझ्या कंबरेला. बाहेर माणसं थांबलीत, त्यांना काय सांगू ते सांगा."

सत्त्याण्णव अहवाल. उज्वलानं आधी उदगीरचं केंद्र सांभाळणाऱ्या नागम्माला फोन लावला.

"माझे हायत सगळे," नागम्मा म्हणाली. "का हो? काय झालं?"

बातमी तासाभरात नांदेडला पोहोचली. आनंदराज सरांना तिढा सोडवायला चहाचा एक कप पुरला.

"उदगीरला विंडोज, तिथं काही गेलं नाही. निलंग्याला ते फुकटचं लिनक्स, तिथं गेलं. यात शोधायचं काय, मॅडम? शनिवारपर्यंत बघतो. नाही सापडलं तर तो डबा भंगारात, आणि मलप्पाला घरी बसवतो. त्याचाच हट्ट होता."

"सर, त्याचा दोष आहे हे अजून ठरलेलं नाही."

"मग कुणाचा आहे? तुमचा?"

उज्वलानं फोन ठेवला. तिला मलप्पाच्या केंद्राची दहा बाय बाराची खोली दिसत होती. बावन्न वर्षांचा माणूस. पाच एकर कोरडवाहू आणि ही नोकरी. ती गेली तर निलंग्यात दुसरी कुठली मिळणार होती?

मंगळवार तिनं गेलेलं परत मिळवण्यात घालवला. हमाल काढून टाकलेली वस्तू कचरापेटीत ठेवत नसत, थेट वेशीबाहेर. फाइली परत आणणारी दोन सॉफ्टवेअरं तिनं मलप्पाला फोनवर सांगून निलंग्याच्या लॅपटॉपवर चालवून पाहिली. पहिलं पाच तास गुरगुरलं आणि त्यानं तीस फाइली काढल्या. नावं सगळी आकड्यांची, उघडल्या तर आत अर्धं पान चौकोनच चौकोन. दुसऱ्यानं तेवढंही दिलं नाही.

बुधवारी ती लातुरात एका मोकळ्या कॉम्प्युटरवर तेच लिनक्स टाकून बसली. पाचशे खोटे शेतकरी तयार केले, गट नंबर एक, दोन, तीन असे पाचशेपर्यंत दिले, आणि सगळे हमाल एकामागून एक कामाला लावले. एकही फाइल हरवली नाही. पुन्हा केलं. नाही हरवली. नावं मराठीतून देऊन पाहिली, लांबलचक देऊन पाहिली, मध्येच वीज गेल्यासारखं मशीन बंद करून पाहिलं. सगळं बिनचूक. चूक सापडत नाही याचा राग वेगळा आणि सगळं बरोबर दिसतं याचा वेगळा. दुसरा जास्त जाळतो. मध्येच तिला वाटायचं, सर म्हणतात तेच खरं असेल, तो लॅपटॉपच मेला असेल. असं वाटलं की जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची पुन्हा चीड यायची.

गुरुवारी सकाळची एसटी धरून ती निलंग्याला गेली. मलप्पानं खुर्ची पुढं केली. लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला, "ह्यानं आजवर मला दगा दिला न्हाई. तुमी बगा, तुमाला कळतंय."

दुपारी व्यंकटी नावाचे एक वयस्क शेतकरी आले. तिसरी खेप होती त्यांची.

"आला का रं माझा कागद?"

"न्हाई काका."

"थोरल्याचा?"

"त्यांचाबी न्हाई."

"धाकट्याचा?"

"तिघांचाबी न्हाई. किती बार सांगू?"

"आन् आमच्या बांधाला लागून त्या देशमुखाचा?"

मलप्पानं यादी खाली सरकवली. "त्यांचा हाय."

"आसणारच," व्यंकटीकाका बाकावर टेकत म्हणाले. "एकुलता एक त्यो. अखंड गट हाय त्याचा. आमी तिघं वाटून घेऊन बसलो. वाटणीवाल्याला समदीकडं मागंच उभं करतेत. तुमचा काम्पुटर बी तेच शिकला म्हणायचं."

मलप्पा कपाळाला आठ्या घालून काही बोलणार होता. उज्वलानं हातानं थांबवलं.

"काका, तुमचा गट नंबर काय?"

"एकशेबारा. त्यातला दोन माझा."

तिनं मलप्पाचं हातानं लिहिलेलं रजिस्टर ओढून घेतलं. ११२/१. ११२/२. ११२/३. मग स्क्रीनवर उरलेल्या एकशे चौदा फोल्डरांची नावं वरून खालपर्यंत वाचली. छत्तीस. एक्केचाळीस. दोनशे सात. एकातही तिरकी रेघ नव्हती. रजिस्टरमध्ये रेघ असलेले तिनं बोट ठेवून मोजले. सत्त्याण्णव.

भावाभावांत वाटणी झाली की गटाचे हिस्से पडतात आणि नंबरापुढं तिरकी रेघ येते. कॉम्प्युटरला मात्र त्या रेघेचा एकच अर्थ ठाऊक: याच्या पोटात ते. मलप्पानं चौकटीत रजिस्टरबरहुकूम ११२/२ टाकलं. हमालांनी मुकाट्यानं ११२ नावाचं फोल्डर केलं, त्याच्या पोटात २ नावाचं, आणि अहवाल त्या आतल्या खोलीत नेऊन ठेवला. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण गेल्याच आठवड्यात उज्वलानं एकविसावा हमाल नेमला होता. चुकून तयार झालेली रिकामी फोल्डरं साचतात म्हणून हा झाडूवाला. दर शनिवारी लॅपटॉप आपोआप सुरू होऊन त्यानं फेरी मारायची. तो ११२ च्या दारात उभा राहिला. आत फाइल एकही नाही, नुसती तीन फोल्डरं. तिनं त्याला फाइल आहे का एवढंच बघायला शिकवलं होतं. त्यानं ते घर रिकामं धरलं आणि आतल्या माणसांसकट लोटून दिलं.

आणि तिचे पाचशे खोटे शेतकरी! एकाचीही वाटणी झालेली नव्हती. सातबाराच्या उताऱ्याचं नावसुद्धा जिथं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहितात तिथं ती जन्मली, वाढली. तिच्या चुलत्यांचे चार हिस्से तिच्यादेखत पडले होते.

मलप्पा काकांना दारापर्यंत पोचवायला गेला होता. तिनं तेवढ्यात नागम्माला फोन लावला.

"गट नंबर चौकटीत कसा टाकता?"

नागम्मा म्हणाली, "रागवू नका हं मॅडम. मी तुमच्या चौकटीत टाकतच न्हाई. फोल्डर हातानंच करते. पयल्या दिवशी तिरकी रेघ टाकली तर हे नाव चालत न्हाई म्हणून अंगावर आलं ते विंडोज. तवापासून आडवी रेघ देते, एकशेबारा आडवी रेघ दोन."

"मग मला का नाही सांगितलं?"

"अय्यो, सहा महिने बसून केलंत तुमी. कसं सांगायचं?"

म्हणजे उदगीरला विंडोजनं काही वाचवलं नव्हतं. तिथं हमालांना कामच मिळालं नव्हतं, म्हणून वाचलं होतं.

उज्वलासमोर तो लॅपटॉप उघडा होता. दोन ओळी बदलायच्या होत्या. एकीत तिरकी रेघ आली तर तिच्या जागी आडवी घाल, दुसरीत रिकामं म्हणण्याआधी आतली फोल्डरंही बघ. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळलं नसतं. लिनक्स बदनाम झालंच होतं. मलप्पा दारातून आत येताना तिला दिसला, पाणी घेऊन आला होता. तिनं नांदेडला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"सर, सोमवारी विचारलं होतंत, मग दोष कुणाचा म्हणून. माझा आहे."

तिनं सगळं सांगितलं. सरांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे विंडोजवरसुद्धा गेले असते?"

"असेच गेले असते."

"मग नागम्माचे कसे नाही गेले?"

"त्या माझा प्रोग्राम वापरत नाहीत."

सर हसले. मोठ्यानं नाही, पण ते हसू टेबलावर बराच वेळ पडून राहिल्यासारखं वाटलं.

"ठीक आहे. मलप्पा राहू दे. तुमचे हमाल मात्र आजपासून बंद. सगळ्यांनी नागम्मासारखं हातानं करायचं."

"सर, दोन ओळींची दुरुस्ती आहे. करून, तपासून..."

"मॅडम, सहा महिने दिले. शनिवारपर्यंत सत्त्याण्णव अहवाल परत तयार करा. रजिस्टरमध्ये आकडे आहेत ना? मग टायपिंग आहे नुसतं. टायपिंग तर येतं तुम्हाला."

फोन बंद झाला. मलप्पानं पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला. आभार मानले नाहीत.

"चार दिस झाले ताई," तो म्हणाला. "गावात लोक म्हणून राहिले, मलप्पानं कागद गहाळ केले. माझ्या मेव्हण्यानं तोंडावर विचारलं. ते कोण पुसणार आता?"

"येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगते."

"सांगा. पण मी हितं बसणार. मला ऐकायचंय."

त्या दुपारपासून दोघं बसले. तो रजिस्टरमधले आकडे वाचायचा, ती टाइप करायची. नत्र, स्फुरद, पालाश. प्रत्येक फोल्डर हातानं, प्रत्येक नावात आडवी रेघ. दर नावाला तिचा जीव चडफडत होता, कारण हेच काम करायला तिनं एकवीस जण उभे केले होते आणि ते आता विंगेत हात बांधून उभे होते. शुक्रवारी सकाळी व्यंकटीकाका आले, तोवर त्यांचा अहवाल छापून झाला होता.

उज्वला उठून उभी राहिली. "काका, तुमचा कागद हरवला ती चूक माझी होती. माझ्या प्रोग्रामनं काढून टाकला. मलप्पांचा त्यात काही दोष नव्हता."

"कुणाचा का आसंना," काका कागद उलटासुलटा करत म्हणाले. "डीएपी किती टाकू तेवढं सांगा."

"न्हाई काका," मलप्पा रजिस्टरवरची नजर न काढता म्हणाला. "आदी ते ऐका. ताई, काकांना ऐकू कमी येतंय. जरा मोठ्यानं सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात.