मनीषाचं अपील

वकिलाच्या ऑफिसात फाईल एकदा बांधली की कपाटात जाते, किस्से मात्र टेबलावरच पडून राहतात. लातूरच्या कोर्टासमोर आमच्या सरांकडं मी टायपिंग करतो. माझ्याकडं तर ढीग झालाय! त्यातले हे सगळे एकट्या अप्पांच्या केसचे.

अप्पांचं मुरुडला किराणा दुकान. पोरीचं, मनीषाचं, लग्न होऊन दोन वर्षं झाली. नवरा कॅनडात, ही मुरुडात! घरच्यांची कागदं बनावट वाटतात म्हणून व्हिसा नाकारला. केस पुन्हा उघडा म्हणून अर्ज केला, तोही फेटाळला. आता त्यावर अपील. हे शेवटचं.

फेटाळल्याचं पत्र मीच वाचून दाखवलं. "कळवण्यास खेद वाटतो की..."

अप्पा खूश! "वाईट वाटायलंय न्हवं त्यान्ला? मग द्या म्हनावं की व्हिसा! कोन अडवलंय?"

*

सर म्हणाले, "लग्नातले नवरा-नवरीचे फोटो आणा." अप्पांनी जाडजूड अल्बम आणला. प्रत्येक फोटोत मधोमध अप्पा!

"अहो, हे दोघं कुठंयत?"

"मागं हायत की. आहेरवाल्यांची गर्दी लई होती."

*

एकदा अप्पा सरांच्या कानाला लागले, "त्या अपीलवाल्या सायबाचं गाव कोन्तं? कुनी वळखीचा निघंल."

"अप्पा, तो तिकडचा गोरा आहे!"

"आसंल. सासुरवाडी कुठली त्याची?"

*

सुनावणी व्हिडिओवर होती, संध्याकाळी. ऑफिस गच्च भरलेलं. मनीषाचा रडून रडून चेहरा सुजलेला.

साहेबानं तिकडच्याच एका वयस्कर मराठी दुभाष्यामार्फत विचारलं, "वडील, आई, तिन्ही काका, सगळ्यांची जन्मतारीख एक जून? हे कसं शक्य आहे?"

अप्पांनी मुरुडच्या रिटायर गुरुजींना साक्षीला आणलं होतं. वय ऐंशीच्या पुढं. ते कॅमेऱ्यापुढं सरकले.

"शाळा उघडायची जूनला. पोरगं नाव घालाय यायचं, आईबापाला तारीख ठाऊक न्हाई. मग लिव्हायचं एक जून. आमी समदे मास्तर तेच करायचो."

"याला पुरावा काय?"

गुरुजी मागं वळले आणि भर वर्गात ओरडावं तसे ओरडले, "एक जूनवाले, हात वर!"

सरांचा हात वर. नोटरीचा वर. चहावाल्याचा वर. दारातल्या दोन पोलिसांचे वर. गुरुजींचा स्वतःचा तर आधीच वर! मनीषा रडता रडता फिसकन हसली.

साहेब पार गोंधळला. त्यानं दुभाष्याला विचारलं, "काय चाललंय तिथं?"

स्क्रीनवर दुभाष्याच्या चौकोनात त्याचाही हात हळूहळू वर येत होता!