गच्चीवरचे वाल

आमच्या गच्चीवरच्या वेलांना शेंगा कमी लागतात, किस्से जास्त! विचुंब्यातली आमची बिल्डिंग तशी साधीच. पण संध्याकाळी चार-पाच जण पाणी घालायला वर जातो, आणि खाली येताना रिकाम्या बादलीबरोबर कुणाचा तरी नवा किस्सा हातात असतो.

सुरुवात हिराकाकूंनी केली. चिरनेरचं घर आणि शेत धाकट्या दिरावर सोपवून त्या मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्या वालाचं बियाणं घेऊनच. आल्या आल्या त्यांनी माझं दार वाजवलं. ना ओळख, ना पाळख.

"बियानं हाय माज्याकडं. माती कुठं हाय?"

अख्ख्या बिल्डिंगमध्ये माती नव्हती! शेवटी त्यांच्या मुलानं नर्सरीतून मातीची पोती आणली, रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तळाशी भोकं पाडली आणि वर चढायला म्हणून जुनी केबलची वायर बांधून दिली. वेल सरसर चढला. पुढे केबलवाला गच्चीवर काहीतरी दुरुस्तीला आला आणि बघतच राहिला.

"काकू, तुमच्या वालाला सगळे चॅनेल दिसत असतील!"

"दिसूंदे," काकू म्हणाल्या, "त्याला तरी करमंल!"

त्या हसल्या, आम्हीही हसलो. पण त्या दिवसापासून मी रोज वर जायला लागले.

मग मीही बाल्कनीत कुंडीत चवळी लावली. आमच्या ह्यांचं आपलं चालू, "अगं, बाजारात जुडी मिळते!" दिवाळीत आम्ही गावाला गेलो. परत येऊन बघतो तर वेलाचा शेंडा कपड्यांच्या दोरीवर, आणि तिथून ह्यांच्या ऑफिसच्या शर्टाच्या बाहीला दोन वेढे! मी कात्री आणायला निघाले, तर ह्यांनी हात धरला.

"राहू दे. मला दुसरे शर्ट आहेत. त्याला कोण आहे?"

आणि हा माणूस मला बाजारातली जुडी सांगत होता!

पहिल्या मजल्यावरच्या शबानाभाभींचा मुलगा दुबईला असतो. भाभींनी घेवडा लावला. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की त्या मोबाईल घेऊन तडक गच्चीवर. एकदा तो बिचारा किती वेळ नुसती पानंच बघत होता. शेवटी वैतागला.

"अम्मी, तुझा चेहरा दाखव ना!"

"माझा चेहरा काय, तोच आहे! ही शेंग कालपर्यंत नव्हती!"

फोन झाल्यावर मात्र भाभी हळूच म्हणाल्या, "चेहरा दाखवला की तो विचारतो, रडलीस का? शेंग दाखवली की हसतो."

आता सप्रे काका-काकूंबद्दल सांगायला हवं. काका शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. काकूंना गेली काही वर्षं विसर पडत चाललाय. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. घरात त्या बेचैन होतात, दार उघडून बाहेर निघतात. गच्चीवर मात्र शांत बसतात, म्हणून काका त्यांना रोज हाताला धरून वर आणतात.

एकदा काका पाणी भरत होते, तेवढ्यात काकूंनी हिराकाकूंच्या वालाची हाताला येतील तेवढी फुलं तोडली आणि ओटीत भरली. देवपूजेला! फुलं गेली म्हणजे शेंगा गेल्या. काकांचा चेहरा उतरला. हिराकाकूंचा तापट स्वभाव आम्हाला ठाऊक, आता काही खरं नव्हतं. हिराकाकू आल्या. वेलाकडे बघितलं, ओटीकडे बघितलं. मग त्यांनी वरच्या वायरीवरची वेलाची एक फांदी सोडवली आणि खाली, काकूंच्या खुर्चीजवळ बांधली.

"वरची फुलं रायली," त्या म्हणाल्या, "तिचा हात पोचत नाय."

वेल पुन्हा फुलला. थंडीत शेंगा भरल्या. एका संध्याकाळी हिराकाकूंनी सप्रे काकूंच्या मांडीवर शेंगांची टोपली ठेवली. नावं विसरलेल्या त्या बाईचे हात सोलणं विसरले नव्हते. काका शेजारी बसून टरफलं गोळा करत होते. मध्येच काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही कुठले हो?"

"इथलाच. खाली राहतो."

"घरी कोण असतं?"

"बायको आहे."

"बरी आहे ना?"

काकांनी खाली पडलेलं एक टरफल उचललं. "आहे. वालाची उसळ फार छान करायची."

"आता नाही करत?"

"आता थोडी थकलीये."

काकूंनी मांडीवरचे सगळे दाणे ओंजळीत घेतले आणि काकांच्या हातात ओतले. "मग तुम्ही करून घाला तिला. गूळ जरा सढळ हातानं घाला."

काकांनी दाणे रुमालात बांधले. गाठ काही नीट बसेना. मग म्हणाले, "गूळ बरोबर पडलाय का, ते चाखून सांगायला याल?"

"येईन की!" काकू लगेच उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"पण तुमच्या बायकोला आधी विचारा हं!"