डाव्या हाताची गाठ

उघड्या टपाची जुनी मोटार रस्त्यात कुठे दिसली, की सोलापुरातले ते प्रकरण मला आजही आठवते. खून नाही, दरोडा नाही. चोरीला गेलेली एक मोटार, एवढेच. पण सेवेतल्या ज्या प्रकरणांकडे मन पुन्हा पुन्हा वळते, त्यांत हे पहिले आहे.

फिर्यादी शहराच्या पूर्व भागातला सत्तरीचा तेलुगू विणकर होता. सारी हयात मागावर गेलेली. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ संपली होती. समोर कुणीतरी उभे आहे एवढेच त्याला कळायचे. वीस वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीत एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांखाली त्याला ही विलायती गाडी सापडली. छप्पर कापडी, मागे दुमडता येणारे. भंगाराच्या भावात घेऊन टेम्पोत घालून त्याने ती घरी आणली. पुढची आठ वर्षे मागावरून उठायचे आणि गाडीखाली शिरायचे, हाच त्याचा नेम. टप दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होईना, म्हणून मागावरच्या सुताने त्याने तो स्वतः हाताने शिवला.

"साहेब, दुसरं काय बी गेलं असतं तर चाललं असतं," तो म्हणाला. "तेवढी गाडी शोधा. ती गेली, तर मी नुसता आंधळा म्हातारा उरलो की."

सोबत मुलगा होता. चाळिशीचा, कारखान्यात सुपरवायझर, बोलायला कमी. घरी गाडी ठेवायच्या शेडचा नकाशा काढ म्हटल्यावर त्याने माझे पेन घेतले आणि डाव्या हाताने झरझर नकाशा काढून दिला. मी ते पाहिले आणि विसरलो.

गाडी गेली तेव्हा बापलेक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. शेडचे कुलूप तोडलेले नव्हते. कागद म्हणावा तर भंगाराची एक जुनी पावती, आणि चॅसी नंबर गंजाने खाल्लेला. मी गुन्हा दाखल करून घेतला. ठाणे अंमलदार हळूच म्हणाले, "सर, आंधळ्याची मोटार गेली. आता साक्षीला मुका शोधायचा." मी त्यांच्यावर डोळे वटारले, पण खरे सांगायचे तर मलाही हसू आले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तीन आठवडे काही धागा नव्हता. मग खबर आली, तीही कुठल्या खबऱ्याकडून नाही. सात रस्ता चौकाजवळ गाड्यांच्या सीटचे आणि टपाचे काम करणारा एक कारागीर आपल्या पायांनी ठाण्यात आला.

"साब, एक पुरानी गाडी आई है, नया टप डालने कू," तो म्हणाला. "पुराना उतारने गया तो देखा, अंदर की सिलाई हमारे धंदे की नै. सूत बी माग का, गाठां बी माग के. ये तो बुनकर का काम है." विणकराची मोटार चोरीला गेल्याची बातमी त्याच्या कानावर आली होती.

गाडी पुण्याच्या एका शौकिनाने विकत घेतली होती. अशा गाड्यांच्या शोधात गावोगाव फिरणारे लोक असतात, हे मला तेव्हा कळले. माणूस सरळ होता आणि जाणकारही. खिशात लोहचुंबक ठेवायचा. पत्र्याला चिकटले नाही, तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असे समजायचा. साध्या गाडीचे छप्पर कापून ती 'कन्व्हर्टिबल' म्हणून गळ्यात मारतात, म्हणून दारांच्या फटीही तपासायचा. गाडी त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. विकणाऱ्याला मात्र पारखले नव्हते.

विकणारा एक दलाल होता. त्याला चौकशीला आणले. खोटे बोलणारा घाबरतो, हा लोकांचा गैरसमज आहे. सरावलेला माणूस आधी चहा मागतो. यानेही मागितला.

"दुधनीतनं घेतली साहेब. जिनिंगच्या शेडमदी, सरकीच्या पोत्याखाली पडली हुती."

"कधी?"

"गेल्याच महिन्यात की."

माझा एक शिपाई अक्कलकोटकडचा. त्याने कानात सांगितले की ते जिनिंग पाडून कैक वर्षे झाली, आता तिथे घरे आहेत. म्हणजे दलाल म्हाताऱ्याचीच हकीकत मला ऐकवत होता. ती त्याला कुणी सांगितली, असे विचारल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला. "शब्द दिलाय साहेब," एवढेच बोलला आणि तिथेच अडला. हात उगारून जबाब घेणे मला कधी जमले नाही. म्हटले, आधी फिर्यादीकडून गाडी ओळखून घेऊ.

दोन पंच बोलावले. मुलाला बाहेर बसवून म्हाताऱ्याला आवारात गाडीपाशी नेले. बॉनेटवर हात ठेवताच त्याचा चेहरा उजळला. मग तो आत बसला आणि टपाच्या आतल्या शिवणीवरून एकेक गाठ चाचपत गेला. मागच्या कोपऱ्यात बोटे थांबली. पुन्हा तिथेच फिरली. चेहऱ्यावरचे हसू गेले.

"काका, काय झालं?"

"ही माजी गाडी न्हाय साहेब."

पंच माझ्याकडे पाहू लागले. मला रागच आला. पण पंचनाम्यात माणूस बोलला तेच लिहायचे असते. लिहिले, सही घेतली.

आमच्यात एक हवालदार विणकराच्या घरातला होता. त्याने तो कोपरा पाहिला. "सर, सगळ्या गाठी उजव्या हाताच्या. ही एकच उलटी. सूतही नवं. डावखुऱ्याने मारलीय."

तेव्हा मला तो नकाशा आठवला.

मुलाला आत घेतले. काही विचारावेच लागले नाही. "नान्नांना दिसत नाही साहेब," तो म्हणाला. तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. "तरी रोज सकाळी गाडी काढायचे. गल्ली पाठ आहे म्हणायचे. एक पोरगी शाळेला चालली होती, चाकाखाली येता येता वाचली. चावी लपवली, तर जेवण सोडलं. शेवटी मीच दलालाला दिली, कुणाला सांगू नको म्हटलं. चोरीला गेली म्हटल्यावर निदान माझ्याशी बोलणं तरी तोडणार नाहीत."

"आणि ही गाठ?"

"टप तिथं उसवला होता. नान्नांच्या हातचा. तसाच कसा देऊ?"

माझा राग तिथेच विरला. म्हाताऱ्याला आत बोलावले. त्याला सारे कळलेच होते. "तक्रार माघारी घेतो," म्हणाला. दाखल झालेला गुन्हा असा माघारी घेता येत नाही, खरा जबाब द्यावा लागेल, हे मी समजावले. त्याने मान डोलावली. मग मुलाच्या दिशेने तोंड करून म्हणाला, "त्या पोरीचं मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"न्हाय." मग चाचपत त्याने मुलाचा हात धरला. "गाठ सैल मारलीस. किती येळा शिकवलं, शेपूट वडून घ्यायचं म्हणून."

तो चाळिशीचा माणूस माझ्या टेबलावर डोके ठेवून रडला.

पुरवणी जबाब घेतला आणि न्यायालयात सी समरी पाठवली. फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही, अशा गुन्ह्याचा शेवट या कागदाने होतो. न्यायालयाच्या आदेशाने आणि म्हाताऱ्याच्या संमतीने गाडी त्या शौकिनाकडे गेली. जुना टपच ठेवायचे त्याने कबूल केले. गाडी निघण्याआधी मुलाने कापड ताणून धरले, म्हाताऱ्याने ती गाठ सोडली आणि स्वतः मारली.

मी विचारले, "काका, त्या दिवशी गाडी कधी ओळखलीत?"

"गाडी तर बॉनेटलाच ओळखली साहेब. गाठीत पोरगं सापडलं."

ओळख पटवायला आलेला माणूस ऐन वेळी नाही म्हणाला, तर त्याला खोटारडा ठरवायची घाई त्यानंतर मी कधी केली नाही. पंचांना चहाला पाठवायचो, दार लोटून घ्यायचो आणि पहिला प्रश्न विचारायचो, "घरी कोण कोण असतं?"